वाइल्ड कार्ड कुणाला?

२०२५ च्या एप्रिल महिन्यात पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडानगरीत महिला टेनिसची एक मोठी सांघिक स्पर्धा झाली. बिली जीन किंग कप हे तिचे नाव. जुन्या वाचकांना ती फेड कप या नावाने आठवत असेल. आशिया-ओशेनिया विभागातील सहा देशांचे संघ पुण्यात आले होते. भारताच्या मुली पहिलीच लढत न्यूझीलंडकडून हरल्या आणि पुढच्या चारही लढती जिंकून प्लेऑफमध्ये गेल्या. हैदराबादची श्रीवल्ली भामिडिपाटी ही मुलगी आपले पाचही एकेरी सामने जिंकली. दोन दिवस वृत्तपत्रांनी फोटो छापले. नंतर आयपीएल होतेच!

त्या संघात तीन मुली आपल्या जवळच्या होत्या. एक पुण्याची वैष्णवी आडकर. दुसरी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. आणि तिसरी ३२ वर्षांची अंकिता रैना. अंकिता जन्माने अहमदाबादची, पण टेनिसपटू म्हणून घडली ती पुण्यात. आज तिच्या कारकिर्दीविषयी लिहायचे आहे.

वाचक विचारतील, टेनिसचा आणि आपला काय संबंध? ताडीवाला रोडवर, जनता वसाहतीत, येरवड्याच्या लक्ष्मीनगरात कुणाच्या घरात रॅकेट आहे? प्रश्न रास्त आहे. तो प्रश्न आहे म्हणूनच हा लेख आहे.

अंकिताचा जन्म ११ जानेवारी १९९३ चा. थोरला भाऊ टेनिस खेळायचा, त्याच्या मागे मागे चार वर्षांची ही पोर कोर्टवर जाऊ लागली. २००७ मध्ये चौदाव्या वर्षी ती पुण्यात आली. पीवायसी हिंदू जिमखान्यावर प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्याकडे तिचा सराव सुरू झाला. बीएमसीसी महाविद्यालयातून तिने पदवी घेतली. सकाळी कोर्ट, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा कोर्ट, असे तिचे पुण्यातले दिवस गेले. गुजरात सरकारच्या 'शक्तिदूत' योजनेतून तिला मदत मिळत गेली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्लीत फेड कप झाला. तिथे अंकिताने चीनची झू लिन आणि कझाकस्तानची युलिया पुतिन्त्सेवा या दोघींना हरवले. पुतिन्त्सेवा त्या वेळी जगात ८१ वी होती आणि अंकिता अडीचशेच्या पलीकडे. दोनच महिन्यांत अंकिता १९७ व्या क्रमांकावर आली. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत जाणारी ती पाचवी भारतीय महिला. एकशेतीस-चाळीस कोटींच्या देशात, इतक्या वर्षांत, पाचवी! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एशियाडमध्ये तिने एकेरीत कांस्यपदक घेतले. सानिया मिर्झानंतर एशियाडच्या एकेरीत पदक घेणारी ती दुसरीच भारतीय महिला ठरली. २०१९ मध्ये चीनमधल्या कुनमिंग इथे तिने अमेरिकन ओपनची माजी विजेती समंथा स्टोसर हिला तीन सेटमध्ये हरवले. मार्च २०२० मध्ये दुबईत भारताचा महिला संघ पहिल्यांदाच फेड कपच्या प्लेऑफला पात्र ठरला, त्यात तिचा वाटा मोठा होता. त्याच महिन्यात ती १६० व्या क्रमांकावर पोचली. एकेरीतला हाच तिचा सर्वोच्च क्रमांक. २०२१ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

हे सगळे वाचून वाटेल, मुलगी पैशात लोळत असेल. टेनिसवाल्यांचे काय, कोट्यवधी रुपये! तर आता थोडा हिशेब पाहू.

टेनिसमध्ये पगार नसतो. क्रिकेटसारखा बोर्डाचा करार नसतो. खेळाडू स्वतःच्या खर्चाने स्पर्धेला जातो, जिंकला तर बक्षीस, हरला तर परतीचे तिकीट. खालच्या पायरीवर ज्या स्पर्धा असतात त्यांचे एकूण बक्षीस अंकिताच्या चढत्या काळात १५ हजार किंवा २५ हजार डॉलर असे. ही रक्कम विजेतीची नसते, सगळ्या मुलींत मिळून वाटायची असते. अंकिता ज्या काळात वर चढत होती त्या काळात १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत विजेतीला साधारण २,३५० डॉलर मिळत. पहिल्या फेरीत हरणारीला साधारण दीडशे डॉलर, त्यातूनही कर कापून. या दीडशे डॉलरमध्ये विमानाचे तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, रॅकेटचे गटिंग आणि बूट बसवायचे. सोबत प्रशिक्षक न्यायचा तर सगळाच खर्च दुप्पट. म्हणून अंकिता अनेक स्पर्धांना एकटीच गेली. परक्या देशात आपणच आपली बॅग उचलायची, आपणच सरावाला जोडीदार शोधायचा, दुखले तर आपणच बर्फ लावायचा.

आणि गुण? क्रमवारी ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. मागच्या वर्षी या आठवड्यात जे मिळवले ते या वर्षी गळून पडते. म्हणजे आजारी पडलात, दुखापत झाली, किंवा नुसते तिकिटाला पैसे नाहीत म्हणून घरी राहिलात, की क्रमांक घसरला. क्रमांक घसरला की मोठ्या स्पर्धेत प्रवेश नाही. प्रवेश नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून पुढची स्पर्धा नाही. विहिरीत पडलेल्या माणसाला दोर लागतो, आणि दोर विकत घ्यायचे दुकान विहिरीबाहेर!

आता वरच्या पायरीवर पाहा. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये २०२१ साली एकेरीच्या मुख्य फेरीत नुसता प्रवेश मिळवून पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूला एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते. तेवढ्यात एखादी मुलगी वर्षभर प्रशिक्षक घेऊन जगभर फिरू शकते. जानेवारी २०२१ मध्ये अंकिता त्या दारापाशी पोचली होती. करोनामुळे महिलांची पात्रता फेरी त्या वर्षी दुबईत झाली. तीन सामने जिंकायचे होते. ती दोन जिंकली. तिसऱ्यात सर्बियाच्या ओल्गा डॅनिलोविचशी गाठ पडली. पहिला सेट गेला, दुसरा आला, तिसरा ६-१ असा गेला. एका सेटचा फरक!

तरी ती मेलबर्नला गेली. 'लकी लूजर' नावाचा एक प्रकार असतो. मुख्य फेरीतल्या कुणी ऐनवेळी माघार घेतली तर पात्रता फेरीत शेवटी हरलेल्यांपैकी एखादीला आत घेतात. विलगीकरणातले दिवस काढून ती वाट पाहत राहिली. एकेरीत जागा निघाली नाही. दुहेरीत मात्र रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कू हिच्या साथीने तिला मुख्य फेरीत प्रवेश मिळाला. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत खेळण्याची तिची ती पहिलीच वेळ, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पहिल्याच फेरीत ती जोडी हरली. हरवणाऱ्या दोघी ऑस्ट्रेलियाच्या होत्या, आणि त्या कशा आल्या होत्या? यजमानांनी दिलेल्या वाइल्ड कार्डवर.

अंकिता खचली नाही हे विशेष. त्याच दौऱ्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, रशियाच्या कमिला राखिमोव्हाच्या साथीने तिने फिलिप आयलंड ट्रॉफी जिंकली. महिला टेनिसच्या मुख्य मालिकेतले हे तिचे पहिले विजेतेपद. त्यामुळे ती दुहेरीत जगातल्या पहिल्या शंभरांत आली.

त्याच वर्षी जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिक झाले. अंकिता तिथे सानिया मिर्झाची जोडीदार होती. सानिया ऑलिंपिकला कशी गेली, हे फार थोड्यांना माहीत आहे. मूल झाल्यामुळे ती दीर्घकाळ खेळापासून दूर होती. अशा खेळाडूचा क्रमांक शून्यावर जाऊ नये म्हणून टेनिसमध्ये 'संरक्षित क्रमांक' देण्याची सोय आहे. सानियाला तो होता, दुहेरीत नववा. त्या क्रमांकाच्या बळावर तिला जोडीदार निवडता आला आणि अंकिता ऑलिंपिकपटू झाली. पहिल्या फेरीत युक्रेनच्या किचेनोक भगिनींविरुद्ध पहिला सेट ६-० असा जिंकूनही त्या हरल्या, हा भाग वेगळा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहिले त्याकडे येतो.

आपल्या मुलामुलींना महाविद्यालयात, नोकरीत जागा मिळाली की 'गुणवत्ता' नावाचा शब्द लगेच बाहेर काढला जातो. खेळाचे उदाहरण हमखास दिले जाते. 'क्रिकेटच्या टीममध्ये रिझर्व्हेशन ठेवता का? तिथे फक्त मेरिट चालते!' हे वाक्य प्रत्येकाने ऐकले असेल. असे बोलणाऱ्यांनी टेनिसचा नियम वाचावा. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जागा असतात. त्यातल्या १०४ क्रमवारीने भरतात, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डने. या आठ जागा कुणाला द्यायच्या ते स्पर्धेचे संयोजक ठरवतात. घरच्या मुलींना संधी मिळावी, दुखापतीतून किंवा बाळंतपणातून परतणाऱ्या खेळाडूला हात मिळावा, नवी मुलगी मोठ्या कोर्टवर दिसावी, हा त्यामागचा विचार असतो. लंडनच्या विम्बल्डनपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळीकडे हेच चालते. तिथे कुणी छाती बडवत नाही.

आणि वाइल्ड कार्डवर आलेली खेळाडू कमअस्सल असते काय? २००५ साली सानिया मिर्झा ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर खेळली. अठरा वर्षांची ती पोर तिसऱ्या फेरीपर्यंत गेली, सेरेना विल्यम्सने अडवले तेव्हाच थांबली. दुसऱ्याच महिन्यात तिने हैदराबादची स्पर्धा जिंकली. २००७ मध्ये ती जगात २७ वी झाली आणि पुढे दुहेरीत व मिश्र दुहेरीत मिळून सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे घरी आणली. बेल्जियमची किम क्लायस्टर्स बाळंतपणानंतर २००९ मध्ये वाइल्ड कार्डवर अमेरिकन ओपनमध्ये उतरली आणि थेट विजेती झाली. वाइल्ड कार्ड फक्त दार उघडते. आत गेल्यावर चेंडू जाळीपलीकडे आपल्यालाच मारावा लागतो, समोरची एक गुणही फुकट सोडत नाही. आपण ज्याला प्रतिनिधित्व म्हणतो त्याचा अर्थ याहून वेगळा काय आहे?

अंकिताच्या कारकिर्दीकडे या नजरेने पाहा. तिची मेहनत कुणी नाकारणार नाही. पण ती मेहनत कोर्टवर पोचावी यासाठी खेळ समजणारे घर होते, पुण्यासारखे शहर आणि चांगला प्रशिक्षक होता, सरकारी योजनेची मदत होती. इतके सगळे असूनही ग्रँड स्लॅमची एकेरी तिला एका सामन्याने हुकली. मग ज्या मुलीकडे यातले काहीच नाही तिने किती मेहनत करावी म्हणजे ती दिसेल?

महाराष्ट्राच्या इतर मुलींची उदाहरणेही हेच सांगतात. प्रार्थना ठोंबरे बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून निघून २०१४ च्या एशियाडमध्ये सानियासोबत कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेली. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले पुण्यात वाढली, अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ एशियाडमध्ये तिने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. पहिला सेट गेल्यावर तैवानच्या जोडीवर उलटवलेला तो डाव होता. वैष्णवी आडकरने जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक घेतले. या मुलींचे कौतुक आहेच. पण लहान गावातून आलेल्यांनाही कोर्ट, प्रशिक्षक आणि पाठीशी उभे राहणारे घर मिळाले होते. वस्तीतल्या मुलीची गोष्ट अजून सुरूच झालेली नाही.

वस्तीतला माणूस टेनिस कोर्टवर नाही असे मात्र नाही. तो पहिल्यापासून तिथे आहे. पुण्यातल्या कुठल्याही क्लबात पहाटे जा. कोर्टवर पाणी मारणारा, रोलर ओढणारा, रेषा आखणारा, जाळी ताणणारा माणूस कुठून येतो? सभासदाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळणारा मार्कर कुठून येतो? चेंडू गोळा करणारी पोरे कुठून येतात? एका मार्करशी एकदा बोलणे झाले होते. चाळीस वर्षे टेनिसमध्ये घालवलेला माणूस. फोरहँड असा की सभासदांनी बघत राहावे. मुलीला का नाही शिकवले, असे विचारले तर हसून म्हणाला, 'साहेब, कोर्ट आपलं थोडंच आहे?'

ही पुण्याची जुनी रीत आहे. बाळू पालवणकर याच शहरात वाढले. इंग्रजांच्या पूना क्लबात खेळपट्टीची निगा राखायची, जाळी लावायची आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायची, हे त्यांचे महिना चार रुपयांचे काम होते. त्यांना फलंदाजी कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्या चेंडूची गरज पडली तेव्हा मैदानावर ते चालले, चहाच्या वेळी मात्र त्यांचा मातीचा कप बाहेर. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. गुणवत्ता मैदानाच्या कडेला कायम उभी होती. तिला आत बोलवायला कुणी तयार नव्हते.

जगात हे फक्त आपल्याच वाट्याला आले असे नाही. अल्थिया गिब्सन ही काळी मुलगी १९२७ साली अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबात जन्मली आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढली. मुलांना खेळता यावे म्हणून तिथे पोलीस एक रस्ता वाहनांना बंद ठेवत. त्या रस्त्यावर लाकडी फळीने ती चेंडू मारायला शिकली. तिचा हात पाहून वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली आणि हार्लेममधल्या काळ्यांच्या टेनिस क्लबचे सभासदत्व तिला घेऊन दिले. दोन काळ्या डॉक्टरांनी तिला सांभाळले, शिकवले. १९५० मध्ये गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार तिच्यासाठी उघडले. १९५६ मध्ये ती फ्रेंच विजेती झाली, १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन विजेती. पुढे लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या सार्वजनिक कोर्टवर व्हीनस आणि सेरेना या दोन बहिणी खेळायला शिकल्या, तेव्हा त्यांच्या आधी अल्थिया होऊन गेली होती.

या गोष्टीत तीन गोष्टी आहेत. खेळायला मोकळी जागा, वस्तीची वर्गणी आणि बंद दार उघडायला लावणारा आग्रह. पुण्यात यातले काय अशक्य आहे?

बालेवाडीची क्रीडानगरी सरकारी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ती उभी राहिली, २००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिच्यावर पुन्हा खर्च झाला. हा जनतेचा पैसा आहे. २०१८ ते २०२३ या काळात तिथे पुरुषांची मोठी एटीपी स्पर्धा झाली. मग महापालिकेच्या शाळांतल्या मुलींसाठी तिथली काही कोर्टे रोजचे दोन तास राखून ठेवायला काय हरकत आहे? उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या अनुसूचित जातींच्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार शिष्यवृत्ती देते. तशीच शिष्यवृत्ती खेळाडू मुलीच्या विमानाच्या तिकिटासाठी का नको? गुजरातच्या योजनेने अंकिताला हात दिला. महाराष्ट्राने पदक मिळाल्यावर सत्कार करण्याआधी, पदक मिळण्यापूर्वीच्या दहा वर्षांचा विचार करावा. १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर भीमराव आंबेडकरांची बुद्धिमत्ता काही कमी झाली नसती. फक्त कोलंबिया विद्यापीठाला ती दिसली नसती.

सरकारकडे मागणी करू तेव्हा करू. आपल्या हातातलेही थोडे पाहू. बालेवाडीतली ती स्पर्धा १२ एप्रिलला संपली. दोनच दिवसांनी १४ एप्रिल होता. त्या दोन दिवसांत पुण्यातल्या वस्त्यावस्त्यांत वर्गणी गोळा झाली, मंडप पडले, डीजेचे पैसे चुकते झाले. जयंती जोरात व्हावी, तो आपला सण आहे. पण बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपुरात स्त्रियांच्या परिषदेत समाजाच्या प्रगतीचे माप सांगितले होते. समाजातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावर ते समाजाची प्रगती मोजत. त्या मापाने पाहिले तर एका मंडळाने एका रात्रीच्या डीजेचा खर्च बाजूला काढला आणि वस्तीतल्या एका मुलीला रॅकेट, बूट आणि वर्षभराची प्रशिक्षणाची फी दिली, तर ती जयंती अधिक मोठी होईल.

ती मुलगी विम्बल्डनला जाईल असे वचन कुणी देऊ शकत नाही. अंकिता रैनालाही तिथली एकेरी मिळाली नाही. पण पहाटे रोलर ओढणाऱ्या बापाला आपली मुलगी त्याच कोर्टवर सर्व्हिस करताना दिसेल. बाकीच्यांच्या हाती आठ वाइल्ड कार्डे असतात. एक आपल्याही हाती आहे, ते आपण कुणाला देणार ते ठरवू या.